मधले सहा आठ

७ जानेवारी

गिरके,

पत्राच्या वर काय लिहायचं यातच अर्धा तास गेला. आशीर्वाद लिहावेत तर तू एक्कावन्न वर्षांची बाई, आणि नमस्कार लिहावा तर मी मोठी. म्हणून नुसतं नाव लिहिलं, तेही लहानपणचं. घरात सतत गिरक्या घेत कपबशा फोडायचीस म्हणून पडलेलं. आता तुला या नावानं कुणी हाक मारत नसेल.

पत्ता मामेबहिणीकडून घेतला. तिला रागावू नकोस. मी चार वेळा फोन करून पिडलं तेव्हा कुठे दिला, तोही 'माझं नाव सांगू नकोस' या अटीवर. सांगितलंच बघ मी. फोन नंबर मात्र दिला नाही. 'तो नको मागूस ताई' म्हणाली. नको तर नको.

विशेष काही नाही, सहज लिहितेय. माझा डावा गुडघा कामातून गेलाय. डॉक्टर म्हणतात जिने टाळा, आणि मी राहते तिसऱ्या मजल्यावर. बाहेरची खोली अजून तशीच आहे, एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात एक खुर्ची, बाकी मोकळी जमीन. पाहुणे येत नाहीत त्यामुळे दुसरी खुर्ची लागत नाही. खाली जे काका राहतात ते पूर्वी माझ्या पायांचा आवाज आला की झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचे. आठवतात ना तुला, जाड भुवया असलेले? परवा ते स्वतः वर आले. दार उघडलं तर म्हणाले, बरेच दिवस आवाज नाही, म्हणून बघायला आलो. मी जिवंत आहे बघून खाली गेले. एकोणीस वर्षांत या घरात कुणी माझी चौकशी करायला आलं असेल तर तो हा माणूस, ज्याच्याशी मी रोज भांडले.

जाता जाता एक विचारते. त्या गाण्याचं मधलं तुला आठवतं का? कडवं संपल्यावर नुसतं वाजतं ना, तिथलं. आठ मोजायचे असे सहा वेळा, की सात वेळा? मी स्वतःशीच पैज लावलीय. सहज विचारतेय, सवडीनं कळव.

ताई


२४ जानेवारी

गिरके,

तुझं पत्र नाही. मला अपेक्षा नव्हती.

खोटं. रोज दोनदा जिना उतरून पेटी बघते, गुडघ्याला शिव्या देत. आणि मागच्या पत्रात 'सहज' लिहिलं तेही खोटंच. माझ्या 'सहज'ला तू कधी फसली नाहीस, मग आता कशाला फसशील. तर सरळ सांगते.

महाराणी गाणं सोडतेय. हो, तीच. आपण तिला मागून महाराणी म्हणायचो आणि समोरून 'मॅडम'. आता आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतो, कारण तिला कमी ऐकू येतं आणि मला कमी चालता येतं. वीस मार्चला तिचा निरोपाचा कार्यक्रम आहे. तिला शेवटी ते गाणं हवंय, अख्खं, पहिल्या बोलापासून शेवटच्या गिरकीपर्यंत, जसं बसवलं होतं तसं. व्हिडिओत काय आहे ते तुला ठाऊक आहे. दीड सेकंद तिचा चेहरा, एक सेकंद पाय, मग परत चेहरा, मग हुक स्टेप, मग आभाळ. नाच कुणी पाहिलाच नाही. जगाला फक्त हुक स्टेप माहीत, पाय मागे नेऊन चाचपायची तेवढी. ती मात्र लग्नात, शाळेच्या गॅदरिंगला, बँकेच्या वार्षिक समारंभात, सगळीकडे. परवा डॉक्टरकडच्या नर्सनं मला ओळखलं आणि हातात सुई घेऊन ती करून दाखवली.

आयोजकानं मला बोलावलं तेव्हा मी पाच वर्षं घरी बसलेली होते, गिरके. आता नाच फोनच्या पडद्यावर मावेल एवढाच करतात, कमरेच्या वरचा. मला कोण विचारतं. आयोजक म्हणाला, मूळ कोरिओग्राफर परत येतायत अशीच जाहिरात करू. मी लगेच हो म्हटलं. त्यानं विचारलं, सगळं आठवतंय ना? म्हटलं, माझ्या पायाला विचारा.

बारा मुली दिल्यात. चांगल्या आहेत, पण चुकल्या की हसतात. आपल्या वेळी चुकलं की रडायचे. त्यातल्या एकीला तो मधला एकटीचा नाच करायचाय, पांढऱ्या पडद्यामागे, सावलीतला. जसा तू केला होतास.

जुन्या ग्रुपमधल्या तिघींना फोन केले. एक म्हणाली, मी तिसऱ्या रांगेत होते, मला पुढचीची वेणी आठवते. दुसरीनं तासभर सुनेचं सांगितलं. तिसरी म्हणाली, 'धाकट्या बाईंना विचारा ना, त्याच मोजायच्या.' मी म्हटलं, हो, विचारते.

आणि त्या नाचाला मला मिळालेलं ते बक्षीस. तो विषय निघणारच म्हणून मीच काढते. स्टेजवर दिवे तोंडावर असतात, माणूस बावचळतो. मी मुद्दाम तुझं नाव गाळलं नाही. इतकी वर्षं तू मनात काय धरून बसली आहेस मला माहीत नाही, पण एका विसरण्यावरून पाठच्या बहिणीनं असं तोंड फिरवावं हे काही बरं नाही. आई गेली तेव्हा आपण तीन दिवस एका घरात होतो. तू मला एकच वाक्य बोललीस, 'टॉवेल कुठल्या कपाटात आहेत?' मी कपाट दाखवलं.

तू नाही लिहिलंस तरी माझं अडणार नाही. मला बऱ्यापैकी आठवतंय.

ताई


११ फेब्रुवारी

गिरके,

आज तालमीत महाराणी पडली. लागलं नाही, घाबरू नकोस. पडली म्हणजे माझ्या पोरीवर आदळली आणि दोघी खाली बसल्या.

झालं असं. पहिलं कडवं मी मुलींकडून पक्कं करून घेतलं होतं. तीन आठवडे घासलं. आज महाराणी पहिल्यांदा आली, माईक हातात घेऊन मधे उभी राहिली. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला ती उजवीकडे सरकली. बाराच्या बारा मुली डावीकडे. मी गाणं थांबवलं. म्हटलं, अगं बाई, डावीकडे. ती म्हणाली, उजवीकडे. परत लावलं. परत ती उजवीकडे, आणि या वेळी मधल्या मुलीवर जाऊन धडकली.

मी चिडले. बारा जणींसमोर म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. ही म्हण मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आले. महाराणी उठली, साडी झटकली आणि शांतपणे म्हणाली की अंगण सरळ आहे, तू उलटं शिकवलंयस. कडव्यात सुरुवात उजव्या पायानं, हात उजवा, वळणं उजवीकडे. तिच्या अंगात ते बसलंय म्हणे, झोपेतून उठवलं तरी उजवा पायच पुढे येतो.

मी म्हटलं, शिकवलं मी, आणि सांगतेस तू?

त्यावर ती जे बोलली ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझंच आहे. म्हणाली, "मला तू नाही शिकवलंस. धाकटीनं शिकवलं. तू त्या दिवशी पाय मुरगळून खाली बसली होतीस."

मी मुलींना पाणी प्यायला पाठवलं आणि तालीम लवकर संपवली. महाराणीला आता वय झालंय, काहीबाही आठवतं तिला. मी उद्या तिला नीट समजावीन.

तुझं अजून पत्र नाही. पत्ता बरोबर आहे ना, तेवढं तरी कळव.

ताई


१३ फेब्रुवारी

गिरके,

दोन दिवस मी या खोलीत एकटीनं काय केलं ते सांगते. हसशील.

आपले जुने पाच नाच काढले. गाडीच्या टपावरचा तो, छत्र्यांचा, तो भयंकर चष्म्यांचा. गुडघ्याला पट्टा बांधला, आरशासमोर उभी राहिले आणि एकेक करून पाहिला. पाय उचलता येत नाही तिथे नुसता हात हलवला, आपण तालमीत दम वाचवायला करायचो तसं. सगळे आले. पाचच्या पाच. आणि सगळे सरळ आले, जी बाजू उजवी ती उजवी. ते मी बसवलेत, ते माझ्या हाडात आहेत, मला त्यात कुणाला विचारावं लागत नाही.

मग हे गाणं लावलं. हुक स्टेप बरोबर आली. ती इतक्या समारंभांत करून दाखवलीय की न येऊन सांगते कुणाला. पण कडवं सुरू झालं आणि माझा डावा पाय पुढे आला. थांबवलं, मुद्दाम उजवा टाकून पाहिला, तर पुढचं काही सुचेना. डावा टाकला की येतं.

म्हटलं टीव्हीवर बघून बघून असं झालं असेल. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो, पोराटोरांनाही कळतं. मग मधलं घेतलं. ते तर व्हिडिओत नाहीच, टीव्हीवर कुठून दिसणार. तेही उलटं आलं, गिरके.

खुर्चीवर बसले आणि डोळे मिटून नीट आठवलं. मला माझे पाय आठवेनात. आठवली तू. तुझा निळा कुडता, त्याची बाही खांद्यापर्यंत सरकवलेली. पायात मोजे आणि एका मोज्याला अंगठ्याशी भोक. माझ्या डोळ्यांपुढे ते भोक उजवीकडे आहे, म्हणजे तुझ्या डाव्या पायाला. तू तोंडानं मोजतेस, 'पाच, सहा, सात, आठ', आणि सातला श्वास घेतेस. महाराणी तुझ्या मागे उभी राहून शिकतेय. आणि मी तुम्हा दोघींच्या समोर जमिनीवर बसलेय, आरशाला पाठ टेकून, सुजलेला पाय उशीवर ठेवून.

तो नाच मी केला नाही. मी तो बघितला. जो बसवतो त्याला आतून आठवतो आणि जो बघतो त्याला समोरून. माझ्याजवळ तो समोरून आहे. मी आयुष्यात कधी मुलींकडे तोंड करून शिकवलं नाही, पाठमोरी उभी राहून शिकवलं, आणि मधून फिरून चुका सुधारायचीस तू. त्यामुळे माझ्या डोक्यात उलटा नाच येण्याला दुसरं कारणच नाही. एवढी मोठी चोरी आणि पुरावा माझ्याच पायात.

तुला वाटेल ताई एकोणीस वर्षं नाटक करत होती. शपथेवर सांगते, नाटक नव्हतं. सुरुवातीला मी फक्त एवढंच म्हणायचे की 'आम्ही बसवला'. मग मुलाखतीत 'आम्ही' म्हटलं की ते विचारायचे आम्ही म्हणजे कोण, आणि मी विषय बदलायचे. मग एकानं विचारलं, ही स्टेप सुचली कशी? मी म्हटलं समुद्राच्या लाटेवरून. लाट मागे जाते आणि वाळू चाचपते. लोकांना इतकं आवडलं की मी दरवेळी तेच सांगू लागले आणि शेवटी मला तो समुद्रकिनाराही आठवायला लागला. कुठला समुद्र? तू बाकाखाली पायानं चप्पल शोधत होतीस. तोंड महाराणीकडे, गप्पा चालू, आणि पाय मागे नेऊन चाचपत होतीस. ती हसली आणि म्हणाली हेच घे. तू घेतलंस.

मी तिथे होते. मी पण हसले होते.

ताई


२ मार्च

गिरके,

एक काम केलं ते सांगते आणि एक राहिलंय तेही सांगते.

केलेलं आधी. पुढच्या तालमीत मुलींना गोल बसवलं आणि म्हटलं, तीन आठवडे तुम्हाला उलटं शिकवलं, आता सगळं सुलट करायचं, आणि हा नाच माझा नाही, माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. मला वाटलं आभाळ कोसळेल. एकीनं विचारलं, 'म्हणजे आता उजवा पाय आधी ना?' एवढंच. त्यांना पायाचं पडलेलं. महाराणीनं मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आयोजकाला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. 'मूळ कोरिओग्राफर' असे फलक लागलेत शहरभर. म्हणाला, ताई, कार्यक्रम होऊ दे, मग काय ते सांगा, आता हात दाखवून अवलक्षण कशाला. मी मान हलवली. आणि दोन दिवसांनी वार्ताहरांना बोलावलं होतं तिथे सांगून टाकलं. तुझं पूर्ण नाव घेतलं, दोनदा, नीट लिहून घ्या म्हटलं. एकानं विचारलं, मग त्या समुद्राच्या लाटेचं काय? म्हटलं, तो समुद्र आटला, ती चप्पल होती. लोक हसले. हसू देत.

आयोजक हसला नाही. बाकीचा कार्यक्रम त्यानं दुसऱ्या कोरिओग्राफरला दिला. माझ्याकडे हे एकच गाणं ठेवलंय, तेही महाराणी अडून बसली म्हणून. फलकावर आता माझ्या नावाच्या जागी तिचाच आणखी एक फोटो चिकटवलाय. रस्त्यावरून जाताना कडेनं माझं अर्धं आडनाव दिसतं. त्याचं मला इतकं वाईट वाटलं नाही, पण वाटलं. तुझ्यापासून काय लपवायचं.

आता राहिलेलं. बक्षिसाच्या रात्री मी सतरा जणांचे आभार मानले. ड्रायव्हरचे मानले, कपडे शिवणाऱ्याचे मानले. तू विंगेत माझी पर्स आणि माझी शाल घेऊन उभी होतीस. मला तू दिसत होतीस. दिवे डोळ्यांवर होते हे खरं, पण तू दिसत होतीस. सकाळी येऊन तू हॉलची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, 'आता मोजायला दुसरी ठेव.' आणि गेलीस. मी हाक मारली नाही. मला वाटलं चार दिवसांत येईल, जाते कुठे.

पण खरं राहिलेलं हेही नव्हे. ते मधलं, पडद्यामागचं, तुझं एकटीचं. व्हिडिओतून ते निर्मात्यानं कापलं असं मी तुला सांगितलं होतं. लांबी जास्त होते म्हणे, असंही सांगितलं. तू म्हणालीस, 'जाऊ दे गं ताई, सावलीच तर होती.' वर मलाच चहा करून दिलास.

निर्मात्यानं कापलं नाही. त्याला आवडलं होतं. एडिट करणाऱ्यानं मला विचारलं, हे एवढं लांबलचक ठेवू का? मी पडद्यावर बघत होते. नुसती सावली, ना चेहरा ना कपडे, आणि तरी खोलीतला चहा आणणारासुद्धा दारात थांबून बघत होता. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते आणि वीस वर्षं नाचत होते, आणि माझ्याकडे बघत असं कधी कुणी थांबलं नव्हतं. मी म्हटलं, काढ.

हे कुणालाच माहीत नाही. एडिट करणारा वारला. मी सांगितलं नसतं तर तुला कधीच कळलं नसतं, आणि कदाचित कळलं नसतं तर तू आज ना उद्या बोलली असतीस. आता तेही गेलं असेल. पण उजवा-डावा सुलट करायला बसले तेव्हा कळलं, अर्धंच सुलट करून चालत नाही.

त्या मधल्यातले पहिले चार आठ मला आठवतात, उलटे का होईना. पुढचे दोन की तीन, ते नाहीत. तू ते बसवलेस तेव्हा पायाच्या दुखण्यावर घेतलेल्या गोळीनं माझा डोळा लागला होता, आणि एडिटला ते यायच्या आधीच मी 'काढ' म्हटलं होतं. तुझ्या कामाच्या वेळी मी झोपले होते, घे. आयोजकानं चौदा तारखेपर्यंत मुदत दिलीय. नाही बसलं तर तिथे नुसतं वाजेल आणि महाराणी हात जोडून उभी राहील. आपल्या मनानं काहीतरी जोडून दे, असं मला सगळे सांगतात. मी जोडणार नाही. एकदा तुझं कापलं, आता त्याला माझं ठिगळ लावणार नाही.

हे शेवटचं पत्र. तुला आणखी छळत नाही. पेटी बघायला मात्र उतरीन, सवय लागलीय.

ताई


११ मार्च

गिरके,

शेवटचं म्हटलं होतं, पण शब्द पाळण्यात मी कधी पहिली आले?

काल दुपारी पाकीट आलं. वर माझं नाव तुझ्या अक्षरात, अजून तसंच, उतरणीला लागलेलं. आत चिठ्ठी नाही. पाकीट फाडून, उलटं करून, उजेडाला धरून पाहिलं. एक पेन ड्राइव्ह, बस. तो लावायचा कशाला तेच मला कळेना. शेवटी खालच्या काकांनी वर येऊन टीव्हीच्या मागे खोचून दिला, आणि काही न विचारता खाली गेले. भुवया पांढऱ्या झाल्यात त्यांच्या.

तुझी खोली बघितली. टेबल भिंतीला सरकवलंय, खुर्च्या त्याच्यावर उलट्या घातल्यात. खिडकीत कसलीतरी कुंडी. म्हणजे तुझ्याकडे चार खुर्च्या आहेत. माणसं येत असतील. बरं वाटलं, आणि पोटात दुखलंही.

तू आलीस आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिलीस. केस बारीक कापलेत. जाड झाली आहेस थोडी. मी वाट पाहिली, आता वळशील, मग वळशील. तू वळली नाहीस. आधी वाटलं हा राग आहे, तोंड दाखवायचं नाही म्हणून. राग असेलच, नसावा असं म्हणायला मला तोंड नाही. पण मग तू उजवा हात उचललास आणि तो माझ्या उजवीकडे होता. तेव्हा कळलं. समोर तोंड करून केलं असतंस तर मला परत उलटं दिसलं असतं. शिकणाऱ्याला सोपं जावं म्हणून मास्तर पाठ करतो तशी तू उभी होतीस.

मग तुझा आवाज आला. 'पाच, सहा, सात, आठ.' सातला श्वास. एकोणीस वर्षांनी तुझ्या तोंडून टॉवेलशिवाय काहीतरी ऐकलं. मी पहिल्यांदा नाच बघितलाच नाही, नुसती रडत बसले. रडते ते रडते, वर नाक पुसायला तुझी ती जुनी ओढणी घेतली, जी मी तुला परत पाठवली नव्हती.

दुसऱ्यांदा बघितला. सहाच आहेत, सात नाहीत. पैज मी हरले का जिंकले आठवत नाही. पाचव्यात तू इतकी हळू फिरतेस की वाटतं आता थांबली, आणि सहाव्यात पाय मागे जातो, चाचपतो, आणि या वेळी खरोखरच तिथे चप्पल आहे. न बघता पाय त्यात घातलास, दुसरी सापडली, आणि चालत बाजूला गेलीस. पुढे पडदा काळा. कॅमेरा बंद करायला तू समोर आली असशीलच, कुणी दुसरं दिसत नव्हतं खोलीत. तेवढा तुकडा तू कापलास. कळलं मला. कापलेलं काय असतं ते मलाच कळायला हवं.

तिसऱ्यांदा मी गुडघ्याला पट्टा बांधला, खुर्ची सरकवली आणि टीव्हीसमोर उभी राहिले. म्हणजे तुझ्या मागे. आपण इतकी वर्षं एकत्र काम केलं, गिरके, आणि मी एकदाही तुझ्या मागे उभी राहिले नव्हते. तिथून सगळं सोपं होतं. उजवा तो उजवा. पहिले तीन आले, चौथा आला, आणि पाचव्यात त्या हळू फिरण्याला माझा तोल जायला लागला, म्हणून मी पाय लवकर टाकला. तेवढ्यात तू पाठमोरीच म्हणालीस, मोजता मोजता, आवाज न चढवता:

"ताई, इथे घाई करू नकोस."

मी तिथेच थांबले. पहिल्या दोन वेळा रडण्यात आणि बघण्यात हे ऐकूच आलं नव्हतं. तुला माहीत होतं मी कुठे उभी असेन आणि कुठे चुकेन. त्या खोलीत एकटीनं उभं राहून, मी मागे आहे असं धरूनच तू नाचलीस.

परत पहिल्यापासून लावलं. मग परत. पाचव्याला घाई केली नाही. सातव्या-आठव्या वेळी खालून छत ठोकल्याचा आवाज आला, झाडूच्या दांड्याचा, चांगला जोरात. किती वर्षांनी. मी थांबले नाही.

उद्या सकाळी त्या मुलीला शिकवीन. पाठमोरी उभी राहीन आणि जे दिलंस तेवढंच देईन. वीस तारखेला गाणं सुरू व्हायच्या आधी महाराणी स्वतः तुझं नाव घेणार आहे. यायला सांगत नाही. फोन नंबरही मागत नाही. आज संध्याकाळी अजून दोनदा लावणार आहे, गुडघा चालला तर तीनदा.

तू मोज. मी मागे आहे.

ताई